शिबिरात शिकलेलं लिहायचं कुठे?

मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन माथ्यावर असताना मूल तालुक्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरते. बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या या छावणीत ठिकठिकाणची मुलंमुली सकाळी श्रमदान करतात, नंतर वक्त्यांना प्रश्न विचारतात, अनोळखी माणसांच्या पंगतीला बसतात. कामं वाटून घेणं, गटातली धुसफूस मिटवणं तिथे आपसूक अंगवळणी पडतं. नोकरीच्या अर्जात मात्र त्याला जागा मिळते ती 'छंद' या रकान्यात.

राष्ट्रीय सेवा योजनेचं त्यामानाने बरं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबिर, की प्रमाणपत्र हातात. काही विद्यापीठांत वर वाढीव गुणही. पण तो कागद तासच सांगतो. बंधारा बांधताना एखादी मुलगी सरपंचांकडून काम करून घ्यायला शिकली की हजेरीपुरती येऊन झाडाखाली बसली, हे त्यावरून कळत नाही. (दोन्ही नमुने प्रत्येक शिबिरात सापडतात!)

युरोपीय संघाने २००७ मध्ये आपल्या युवा उपक्रमांसाठी 'यूथपास' आणला. त्यात आपण काय शिकलो, हे तरुणाने स्वतः, मार्गदर्शकाशी बोलून लिहायचं असतं. नागरिकत्व, उद्यमशीलता अशा आठ क्षमतांचा त्याला आधार असतो. परीक्षा नाही, गुण नाहीत. अर्थात, यूथपास म्हणजे पदवी नव्हे. तो मानायचा की नाही, हे नोकरी देणाऱ्याच्या मर्जीवर. तरीही जे केलं त्याला शब्द देण्याची सवय लागते, आणि मुलाखतीत आपली मुलं नेमकी तिथेच अडतात.

आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्गाबाहेरच्या शिक्षणाला दार उघडलं. ३० तासांना एक श्रेयांक, तोही मूल्यमापन झाल्यावर. हे मूल्यमापन म्हणजे फोटो चिकटवलेली अहवालाची फाइल होऊ नये, एवढीच धास्ती आहे.

आणि जी पोरं महाविद्यालयातच नाहीत त्यांचं काय? २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात तालमी-मंडळांची मुलं लोकांना बाहेर काढत होती, जेवण पोचवत होती. आपत्ती व्यवस्थापनाचं याहून कठीण प्रात्यक्षिक कोणतं? त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

सुरुवात विद्यापीठांनी करावी. येत्या हिवाळी शिबिरातला अर्धा दिवस भाषणांतून काढून मुलांना लिहायला द्यावा, आणि त्या बैठकीला गावातल्या मंडळाच्या पोरांनाही बोलवावं.