‘गंमत केली’ एवढ्याने सुटका नाही

‘मी तर गंमत केली!’ ही पळवाट आपण फार लहानपणी शिकतो. कुणाच्या डोळ्यांत पाणी आले की हे वाक्य पुढे करावे; मग दोष आपला न राहता दुखावलेल्याच्या हळवेपणाचा होतो. नुकसान किरकोळ असते तोवर ही पळवाट खपून जाते. परंतु गमतीचा शेवट एखाद्याच्या मृत्यूत होतो, तेव्हा तरी हा प्रश्न विचारावाच लागतो: हेतू वाईट नव्हता, एवढ्याने जबाबदारी संपते काय? माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. ते मी एका सर्वश्रुत घटनेच्या आधारे मांडू इच्छितो.

४ डिसेंबर २०१२ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास लंडनच्या किंग एडवर्ड सेव्हन्थ रुग्णालयात दूरध्वनी आला. राजपुत्र विल्यम यांची पत्नी गरोदरपणातील तीव्र उलट्यांमुळे तेथे दाखल होती. सिडनीच्या ‘टूडे एफएम’ या नभोवाणी केंद्राचे दोन निवेदक राणी एलिझाबेथ आणि राजपुत्र चार्ल्स यांचे सोंग घेऊन बोलत होते. त्या वेळी स्वागतकक्षात कुणी नसल्याने कामावर असलेल्या एका परिचारिकेने दूरध्वनी उचलला आणि विश्वासाने तो आतल्या सहकारिणीकडे जोडून दिला. सहकारिणीने रुग्णाच्या प्रकृतीची माहिती सांगितली. संभाषण ध्वनिमुद्रित झाले, मग प्रसारित झाले आणि पाहता पाहता जगभर पोहोचले. ७ डिसेंबरला दूरध्वनी जोडून देणारी ती परिचारिका मृत आढळली. ही आत्महत्या होती, असा निर्णय २०१४ साली झालेल्या मृत्युचौकशीत देण्यात आला. ती मूळची मंगळूरकडची, कॅथलिक, दोन मुलांची आई होती. तिचे नाव त्या वेळी पुष्कळ उच्चारले गेले. येथे ते पुन्हा घेण्याची गरज नाही. आपल्याही धर्मग्रामांतल्या लेकी-सुना परिचारिका म्हणून देशोदेशी रात्रपाळी करीत असतात, एवढे स्मरले तरी पुरे.

नभोवाणी कंपनीचा बचाव असा होता की, असे काही घडेल याची कल्पना कुणालाच करता आली नसती. हे खरे मानू. आत्महत्येला सहसा एकच कारण नसते, हेही मान्य करू. त्या दोघांना खुनी म्हणणे हा असत्याचा आणि अन्यायाचा प्रकार होईल. परंतु येथे एक साधी गोष्ट नजरेआड केली जाते. मृत्यूची कल्पना नसेल. अपमानाची कल्पना नव्हती काय? एका कष्टकरी स्त्रीचा भोळा विश्वास जगापुढे हसण्याचा विषय होईल, तिच्या कर्तव्यनिष्ठेवर बोट ठेवले जाईल, तिला वरिष्ठांची भीती वाटेल, हे सारे अनपेक्षित नव्हते. अपमान हा त्या गमतीतला अपघात नव्हता. त्याच्यावरच गंमत उभी होती.

शिवाय हा प्रकार थेट प्रसारणात तोंडून निसटलेल्या शब्दांचा नव्हता. ध्वनिमुद्रण आणि प्रसारण यांच्यामध्ये वेळ होता. त्या वेळात रुग्णालयाला कळवून ‘तुमची संमती आहे काय?’ असे विचारता आले असते. आम्ही दूरध्वनी केले होते, असे केंद्र म्हणाले; रुग्णालयाने ते नाकारले. काहीही असो, संमती मिळालेली नव्हती आणि तरीही प्रसारण झाले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या प्रसारण नियामक संस्थेने केंद्राला दोषी धरले. तसे ठरविण्याचा तिचा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये मान्य केला. सोंग वठविणे हा क्षणिक उतावळेपणा म्हणता येईल; प्रसारण हा मात्र कार्यालयात बसून घेतलेला निर्णय होता.

दुसरा बचाव अधिक क्रूर आहे: ‘एवढे मनाला लावून घ्यायला नको होते.’ म्हणजे ज्याला घाव लागला त्याची कातडीच पातळ! जखमी माणूस जसा असेल तसाच गृहीत धरावा लागतो. त्याचे डोके नाजूक होते हा मारणाऱ्याचा बचाव होत नाही, हे इंग्लंडच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. चेष्टेला ते अधिकच लागू पडते. समोरच्याच्या मनात कोणते दुःख साचले आहे, हे चेष्टा करणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणूनच त्याला परक्याच्या मनाशी खेळण्याचा अधिकार नसतो. अज्ञान ही येथे सबब नसून सावधगिरीचे कारण आहे.

आपली नैतिक परंपरा याबाबत पुरेशी स्पष्ट आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्याला, त्यात बैल पडून मेला तर, भरपाई द्यावी लागते. बैल मरावा अशी त्याची इच्छा नव्हती, हा मुद्दा तेथे विचारातही घेतला जात नाही. शेजाऱ्याला फसवून वर ‘थट्टा केली’ म्हणणाऱ्याची तुलना नीतिसूत्रांचा कर्ता जळते बाण फेकणाऱ्या वेड्याशी करतो. संत थॉमस अक्वायनस हे काही विनोदाचे वैरी नव्हते. निखळ विनोदबुद्धीला त्यांनी सद्गुणांत स्थान दिले आहे. परंतु दुसऱ्याला लाजविणाऱ्या कुचेष्टेला त्यांनी पाप म्हटले आहे. कर्त्याला न दिसलेले परिणामही, ते त्या कृतीतून सहसा उद्भवणारे असतील तर, ते कृतीच्या दोषात धरतात; दूरच्या, विरळ परिणामांचे ओझे मात्र त्याच्यावर टाकत नाहीत. हा भेद न्यायाचा आहे. आणि प्रभू येशूला जांभळा झगा घालून, हाती वेत देऊन ‘राजा’ म्हणून मुजरा करणारे शिपाईही आपापसांत गंमतच करीत होते.

मग अशा माणसाचे करावे काय? लंडनच्या घटनेनंतर त्या दोन निवेदकांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. कालपर्यंत जे लोक हसत होते, त्यांच्यातलेच कित्येक आज दगड उचलून उभे राहिले. हा न्याय नव्हे. हसणाऱ्यांनी आपला वाटा झटकण्याचा हा सोपा मार्ग आहे. कारण श्रोते नसते तर असला कार्यक्रमच झाला नसता. मोशेच्या नियमशास्त्राने नकळत मनुष्यवध करणाऱ्यासाठी शरणपुरे नेमली. सूड घेणाऱ्याच्या हातून तेथे तो वाचे. पण काही घडलेच नाही अशा थाटात त्याला लगेच घरीही परतता येत नसे. प्रमुख याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याला त्या नगरातच राहावे लागे. सूड नको आणि साळसूद निर्दोषताही नको, असा हा मार्ग आहे.

या मार्गाची चुणूक त्या प्रकरणातही दिसली. दोघांपैकी निवेदिका २०१४ च्या चौकशीला लंडनला आली आणि तिने कुटुंबाची क्षमा मागितली. कंपनीने कुटुंबासाठी पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दिले. परंतु त्याच कंपनीने २०१३ साली दुसऱ्या निवेदकाचा पुरस्कार देऊन गौरव केला होता! पैसे देऊन भरपाई होते. पश्चात्ताप मात्र वागणुकीत दिसावा लागतो.

वाचकहो, हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून पान उलटू नका. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला आणि विद्यार्थ्याची मस्करी करणेही त्याच्या व्याख्येत घालावे लागले, ते उगाच नव्हे. आज तर प्रत्येक मुलाच्या खिशात ध्वनिमुद्रण यंत्र आणि प्रसारण केंद्र दोन्ही आहेत. अपघाताची खोटी बातमी देऊन आईला रडविणे, वर्गातल्या अबोल मुलाला फसवून त्याची फजिती टिपणे आणि ती गावभर पाठविणे, हे आपल्याही घरांत घडते. आणि वडीलधारी माणसे ‘पोरकटपणा’ म्हणून हसतात. आईवडिलांनी त्याच वेळी ती फजिती पुसायला लावावी आणि मुलाला त्या घरी नेऊन, उंबरठ्यावर उभे राहून, क्षमा मागायला लावावी. ‘गंमत केली’ हे शब्द मात्र तेथे उच्चारू देऊ नयेत.