लांबलेला पाऊस, रखडलेली सुगी आणि आपली उधारीची वही

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्यावर जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची रोजी अशाच बाजारपेठांवर अवलंबून आहे. कोणी कापड विकतो, कोणी चपला-बूट, कोणी गाद्या-रजया भरून देतो. बागवान मंडळी फळांचा व्यापार करतात, शिकलगार कोयत्या-विळ्यांना धार लावतात, कोणाचे गॅरेज आहे तर कोणाचे वेल्डिंगचे दुकान. यांतला एकही धंदा म्हणजे शेती नव्हे. पण शेतकऱ्याच्या हातात पैसा आल्याशिवाय यांतला एकही धंदा चालत नाही. म्हणूनच परतीचा पाऊस लांबला की त्याचा फटका शेताच्या बांधावर थांबत नाही, तो आपल्या गल्ल्यापर्यंत येतो. या विषयाकडे आपल्या व्यापारी बांधवांनी जितके लक्ष द्यायला हवे तितके अजून दिलेले नाही, असे आम्हाला वाटते.

आधी शेतात काय होते ते पाहू. दसऱ्याच्या सुमारास बाजरी, सोयाबीन आणि भुईमूग काढणीला येतात. त्याच वेळी पाऊस कोसळत राहिला तर बाजरीच्या कणसांना उभ्यानेच मोड फुटतात, दाणा काळा पडतो. सोयाबीनच्या शेंगा ओल्या राहतात आणि मळणी यंत्र चालत नाही. खरिपाच्या लाल कांद्यावर करपा येतो, पुढच्या लागवडीसाठी टाकलेली रोपे वाफ्यातच कुजतात आणि उन्हाळ्यात चाळीत भरून ठेवलेला कांदा दमट हवेने कोंब धरतो किंवा सडतो. जमिनीला वाफसा येत नाही म्हणून रब्बीची पेरणीही मागे पडते. उसाच्या शेतात चिखल असला की ट्रॅक्टर आणि बैलगाडी आत जाऊ शकत नाहीत, म्हणून तोडणी अडते. अशा रीतीने सारी सुगी तीन-चार आठवडे पुढे सरकते. आणि सुगी पुढे सरकली की शेतकऱ्याचा पैसा तितकाच, कधी त्याहून अधिक, पुढे सरकतो.

हा एखाद्या वर्षाचा अपघात आहे असे समजून चालणार नाही. २०१९ साली मान्सूनने देशातून माघार घ्यायला ९ ऑक्टोबरला सुरुवात केली. इतकी उशिराची सुरुवात तोवरच्या नोंदींत नव्हती. त्यानंतरही ‘क्यार’ आणि ‘महा’ या अरबी समुद्रातील वादळांच्या दिवसांत पाऊस पडतच राहिला. त्यानंतर राज्यात राष्ट्रपती राजवट आली. नोव्हेंबरात राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८ हजार आणि बागायती व बारमाही पिकांसाठी हेक्टरी १८ हजार रुपये मदत जाहीर केली. साखर कारखान्यांचा हंगामही नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू झाला. २०२५ साली उलटे टोक दिसले. मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि तरीही ऑक्टोबरच्या अखेरीस राज्याच्या अनेक भागांत पुन्हा पाऊस झालाच. पाऊस लवकर आला म्हणून लवकर जाईल हा हिशेबही आता खरा राहिलेला नाही.

खात्याने तारखा बदलल्या, आपण नाही

हवामान खात्याने २०२० साली एक महत्त्वाचा बदल केला. अलीकडच्या दशकांतील नोंदी पाहून त्याने मान्सूनच्या सर्वसाधारण तारखाच नव्याने ठरवल्या. वायव्य राजस्थानातून पाऊस परत फिरण्याची तारीख पूर्वी १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर झाली. मुंबईची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे ज्याला आपण ‘लांबलेला पाऊस’ म्हणतो त्यातला आठवडा-दीड आठवडा आता सरकारदरबारीही नेहमीचाच धरला जातो.

आपल्या उधारीच्या वह्या मात्र जुन्याच पंचांगावर चालल्या आहेत. ‘दसऱ्याला निम्मे, दिवाळीला बाकी’ हा आपल्या वाडवडिलांचा रिवाज. त्यांच्या काळी तो बरोबर होता, कारण दसऱ्यापर्यंत पाऊस गेलेला असे आणि दिवाळीपर्यंत खळे झालेले असे. शिवाय दिवाळी हीसुद्धा स्थिर तारीख नाही. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, तर २०२६ साली ते ८ नोव्हेंबरला. दिवाळी लवकर येणाऱ्या वर्षी पाऊस जाणे आणि दिवाळी यांच्यामध्ये पुरते दोन आठवडेही उरत नाहीत. तेवढ्या अवधीत पीक काढणे, वाळवणे, विकणे आणि दुकानदाराचे पैसे फेडणे कोणत्या शेतकऱ्याला जमेल?

परिणाम सर्वांना माहीत आहे. पुण्या-मुंबईचा किंवा भिवंडीचा घाऊक व्यापारी महिन्याभराच्या मुदतीने माल देतो. त्याची तारीख ठरलेली असते. आळेफाट्याचा दुकानदार तो माल दिवाळीसाठी भरतो. गिऱ्हाईक येते, पण पैशाऐवजी वायदा देते. दुकानदाराच्या एका बाजूला घाऊकवाल्याचा फोन आणि दुसऱ्या बाजूला चिखलात अडकलेले पीक. अशा वेळी तो सावकाराच्या किंवा खाजगी पतपुरवठा करणाऱ्याच्या दारात जातो आणि ज्या सुदापासून आयुष्यभर लांब राहण्याचा प्रयत्न केला, तोच सूद तीन आठवड्यांच्या पावसापायी गळ्यात पडतो. आमच्या मते खरा प्रश्न हा आहे. नुकसान पावसाने होते. पण माणूस बुडतो तो चुकीच्या तारखेने.

कारागिरांचे हाल वेगळ्या प्रकारचे. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या की कोयत्यांना धार, चपला, घोंगड्या, डेऱ्यासाठी ताडपत्री अशी मागणी निघते. हंगाम महिनाभर मागे गेला तर शिकलगार महिनाभर बसून राहतो आणि नंतर आठ दिवसांत त्याला रात्र पुरत नाही. मळणी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या गॅरेजचेही तेच. सर्व गावांची मळणी एकाच पंधरवड्यात आली की सर्वांचे पट्टे आणि बेअरिंग एकाच वेळी तुटतात. ज्याने सुटे भाग आधी भरून ठेवले त्याचे साधते, बाकीचे गिऱ्हाईक परत पाठवतात.

शिकारीचा हंगाम आता कोणाचा?

पूर्वी सुगी संपून रान मोकळे झाले की शिकारीचे दिवस सुरू होत. पीक उभे असताना शिकारीला वाट नसे आणि ससे-तितर दिसतही नसत. पाऊस लांबला की शिकारही लांबायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा अध्याय बंद होत गेला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर शिकार करण्याची सोयही उरली नाही. आपल्या धर्मातही गरजेसाठी केलेली शिकार जायज आहे, पण नुसत्या मौजेखातर जीव घेणे आणि जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करणे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मना केले आहे. तेव्हा कायद्याचे याबाबतीत कोणाला दुःख वाटण्याचे कारण नाही.

परंतु या मुलखात एक शिकारी उरला आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी कालव्यांतून आले, ऊस वाढला आणि बिबट्याने उसातच घर केले. मादी तिथेच विते, पिले तिथेच वाढतात. माणिकडोहचे बिबट निवारण केंद्र याच कारणाने उभे राहिले. बिबट्या पावसामुळे येतो असे आमचे म्हणणे नाही. तो बारमाही तिथेच असतो. पण तोडणी लांबली की घराशेजारचे लपण तितके दिवस कायम राहते, आणि रखडलेली तोडणी एकदम सुरू झाली की सगळीकडचे लपण एकदम जाते. त्यात नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत दोन मुले आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यात मरण पावली. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला आणि शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली.

याचा व्यापाराशी संबंध आहे. भीतीच्या दिवसांत वाड्या-वस्त्यांवरचे गिऱ्हाईक दिवस मावळायच्या आत घरी परततो. जो दुकानदार संध्याकाळच्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहे त्याने या दोन महिन्यांत सकाळी लवकर दुकान उघडावे. शेळ्या-बोकडांचा व्यापार करणाऱ्या बांधवांनी जनावरे बंदिस्त गोठ्यात ठेवावीत आणि पहाटेच्या अंधारात एकट्या पोराला उसाच्या कडेने पाठवू नये.

लोहारकाम आणि वेल्डिंग करणाऱ्यांना आमचे विशेष सांगणे आहे. पीक शेतात जास्त दिवस उभे राहिले की रानडुकरांचा उपद्रव वाढतो आणि कोणीतरी तारेचा फासा किंवा लोखंडी सापळा करून मागतो. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या अडकतो. बिबट्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे, आणि गुन्ह्याला साहाय्य करणाराही कायद्यातून सुटत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी असा धोका पत्करू नये. त्यापेक्षा पिंजरेवजा गोठे, जाळीचे दरवाजे आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी रात्री बंद करता येईल असे पत्र्याचे निवारे यांची कामे घ्यावीत. त्यात मजुरीही आहे आणि सवाबही.

मग करायचे काय?

कर्ज ठरलेल्या मुदतीसह लिहून ठेवण्याची आणि अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला सवड देण्याची, अशा दोन्ही आज्ञा कुरआनच्या सूरह बकरामध्ये लागोपाठ आल्या आहेत. आपण एक पाळतो आणि दुसरी विसरतो, किंवा दोन्ही विसरून तोंडी वायद्यावर राहतो. ‘सुगी झाली की देतो’ हा शब्द ऐकायला बरा वाटतो, पण इमाम मालिक यांच्या मताने चालणारे सोडले तर हनफी आणि शाफई फुकहांनी असली मोघम मुदत मान्य केलेली नाही, कारण तिच्यातून भांडण निघते. तेव्हा तारीख पक्कीच असावी. फक्त ती दिवाळीची नसावी. आळेफाट्याच्या पट्ट्यात बाजरी-सोयाबीनवाल्या गिऱ्हाइकासाठी १५ डिसेंबर, लाल कांद्यावाल्यासाठी ३१ डिसेंबर आणि ऊसवाल्यासाठी कारखान्याच्या पहिल्या बिलानंतर सोयीची पडेल अशी एक नक्की तारीख लिहावी. त्या तारखेलाही पीक पाण्यात असेल तर एकदा मुदत वाढवून द्यावी, तीही लिहून, आणि वाढीव मुदतीबद्दल एक पैसाही वर न घेता.

बागवान बांधवांनी आगाऊ सौद्यांतही हीच दक्षता घ्यावी. फळ धरण्याआधी बाग विकत घेणे शरीअतमध्ये मना आहे. ‘सलम’चा सौदा करायचा असेल तर पूर्ण रक्कम आधी द्यावी, मालाचा प्रकार, वजन आणि तारीख ठरवावी, आणि सौदा अमुक एका शेतापुरता बांधू नये. तारखेला माल आला नाही तर दोनच वाटा आहेत: थांबावे किंवा आपली मूळ रक्कम परत घ्यावी. दंड लावण्याची तिसरी वाट नाही.

मुदत वाढवली तर उधारी बुडते, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण सवड अडचणीतल्या माणसासाठी आहे. ऐपत असून टाळाटाळ करणे याला प्रेषितांनी जुलूम म्हटले आहे. कोणाचे पीक खरोखर पाण्यात गेले हे गावात लपत नाही. पंचनाम्याच्या यादीत ज्याचे नाव आहे त्याला सवड द्यावी आणि ज्याचा कांदा विकून झाला आहे त्याच्याकडे तगादा लावावा.

ही सवड एकट्या आळेफाट्याच्या दुकानदाराने मात्र झेपवावी कशी? म्हणूनच आमचे खरे आवाहन पुण्या-मुंबईच्या आणि भिवंडीच्या घाऊक व्यापाऱ्यांना आहे. त्यांत आपले बांधव थोडे नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनेसुद्धा सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. सरकारी नियम हवेकडे पाहून वाकत असेल तर दोन मुसलमान व्यापाऱ्यांतल्या तारखेने का वाकू नये? ग्रामीण दुकानदारांची दिवाळीची बिले डिसेंबरअखेरपर्यंत वाढवून द्यावीत. माल विकला जाईल, गिऱ्हाईक टिकेल आणि एक भाऊ सुदाच्या दारातून परत फिरेल.

यापुढची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपली ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे येते. २०३१ साली रमजान ईद जानेवारीच्या अखेरीस पडेल, म्हणजे रखडलेल्या सुगीचा पैसा बाजारात येण्याच्या आणि आपल्या कपड्या-चपलांच्या खरेदीच्या वेळा जवळजवळ एकच होतील. त्या वेळी ज्याचे भांडवल जुन्या दिवाळीच्या उधारीत अडकलेले असेल, त्याचे दुकान ऐन ईदेला रिकामे राहील. चांद्र महिने सर्व ऋतूंतून फिरतात हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा पावसाने आपली तारीख बदलली यात आपण सर्वांत कमी गोंधळायला हवे. या जून-जुलैमध्ये नवी उधारी लिहिताना ती तारीख विचार करून लिहावी, एवढेच आमचे सांगणे. पाऊस आणि रोजी अल्लाहच्या हाती आहेत. वही मात्र आपल्या हाती दिलेली आहे.