श्यामच्या पलीकडचे गुरुजी

अमळनेरला शिक्षक असताना दर २४ डिसेंबरला आम्ही साने गुरुजींची जयंती करायचो. मुलं पोटतिडकीनं बोलायची, पण आईच्या पदरावर ओले पाय ठेवणाऱ्या श्यामपाशीच बहुतेक भाषणं संपायची. पुढचे गुरुजी मुलांना कोणी सांगतच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आईची सावली त्यांनी जन्मभर सोडली नाही, हे खरंच. आई १९१७ मध्ये गेली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. स्वभाव भिडस्त. अमळनेरच्या वसतिगृहात मुलांच्या खोल्या ते गुपचूप झाडायचे, मळके कपडे धुऊन ठेवायचे; रागवायचं मात्र त्यांना जमेना. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी खाली मान घालून झरझर टिपून घ्यायचे. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे ती त्या टिपणांमुळे.

हाच लाजाळू माणूस मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसला. विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावं म्हणून त्याआधी गावोगाव हिंडला, लोकांची मनं वळवत राहिला. पुढे प्रांताप्रांतांतली तेढ मिटावी म्हणून ‘आंतरभारती’चं स्वप्न त्यांनी मांडलं.

जळगाव-धुळ्याच्या शाळांनी यंदाच्या जयंतीला एक तास तरी पंढरपूरसाठी ठेवावा. आईनं शिकवलेली माया हा मुलगा कुठवर घेऊन गेला, ते मुलांना तिथे दिसेल.