नेणिवेचा दाखला

कलामहाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत अलीकडे चित्रापेक्षा चित्राशेजारी डकवलेला कागदच अधिक बोलू लागला आहे. नावगाव बदलले तरी त्यावरचा मजकूर बहुधा एकच असतो : प्रस्तुत चित्रमालिका हा माझ्या अबोध मनाचा शोध आहे, रंग आणि रेषा आपोआप येत गेल्या, मी केवळ निमित्तमात्र होतो. परीक्षक तो वाचतात, मान डोलावतात आणि पुढच्या भिंतीकडे वळतात. 'आतून आले' असे एकदा जाहीर झाले की चित्राविषयी चार शब्द बोलणे म्हणजे विद्यार्थ्याच्या आतड्यालाच हात घालणे ठरते, आणि एवढा असभ्यपणा करायला कोण धजावणार? आमचा विरोध आहे तो ह्या सभ्यतेला.

विशीतल्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या मनाच्या तळाशी काय आहे ह्याचे कुतूहल बाळगावे, त्यासाठी कागद काळे करावेत, ह्यात गैर काहीच नाही. किंबहुना त्या वयात ते केले नाही तर पुढे करणे अवघड होते. प्रश्न वेगळा आहे. ज्याला आपण मराठीत 'नेणीव' म्हणतो त्या शब्दातच न जाणणे आहे. संतवाङ्मयात तो अज्ञान ह्या अर्थाने येतो, आधुनिक समीक्षेने त्याला मानसशास्त्रीय अर्थ दिला. पण 'नेणे' हा धातू काही सुटलेला नाही. मग जे मला ठाऊकच नाही त्याचा वृत्तान्त मीच सही करून भिंतीवर कसा लावू शकतो? ज्याला स्वतःची नेणीव चार वाक्यांत सांगता येते, त्याने फार तर जाणिवेचा एक कोपरा झाडून घेतलेला असतो.

ह्यावर हमखास फ्रॉइडची साक्ष काढली जाते. ती काढणाऱ्यांनी फ्रॉइडचे आणि अतिवास्तववाद्यांचे संबंध एकदा पाहावेत. आंद्रे ब्रतॉंने स्वप्नांच्या एका संकलनासाठी १९३७ साली त्याच्याकडे सहकार्य मागितले, तेव्हा म्हाताऱ्याने नम्रपणे अंग काढून घेतले. त्याचे म्हणणे असे की, स्वप्न पाहणाऱ्याचे त्याविषयीचे साहचर्य आणि स्वप्नाची परिस्थिती माहीत नसेल तर नुसत्या स्वप्नांच्या संग्रहातून आपल्याला काहीच कळत नाही. म्हणजे स्वप्न हा पुरावा नव्हे, तपासाची सुरुवात. आमच्या प्रदर्शनांत मात्र सुरुवातीलाच निकालपत्र वाटले जाते.

खुद्द ब्रतॉंचेही उदाहरण बोलके आहे. १९१९ साली फिलिप सूपो आणि त्याने मिळून स्वयंलेखनाचा प्रयोग केला, १९२४ च्या जाहीरनाम्यात त्यालाच अतिवास्तववादाचा पाया ठरवले, आणि १९३३ साली त्यानेच लिहून ठेवले की स्वयंलेखनाचा इतिहास ही दुर्दैवाची अखंड मालिका आहे. आमच्याकडे जाहीरनामा पोहोचला, ही कबुली पोहोचली नाही. (आयात मालाच्या बाबतीत असे नेहमीच होते, माहितीपत्रक येते, दुरुस्तीची सूचना येत नाही.)

त्याच गोटातला माक्स अर्न्स्ट अधिक शहाणा निघाला. १९२५ साली समुद्रकिनाऱ्यावरच्या एका खाणावळीत तो फरशीच्या जुन्या लाकडी फळ्यांकडे पाहत राहिला, त्यांवर कागद टाकून त्याने शिसे घासले, आणि उमटलेल्या शिरांतून त्याला जंगले आणि पक्षी दिसू लागले. नेणिवेच्या शोधात निघालेला हा माणूस आत पाहत नव्हता, जमिनीकडे पाहत होता! आपल्या सरावलेल्या हाताला आणि घडलेल्या आवडीनिवडींना चकवायचे असेल तर बाहेरचे काहीतरी लागते : लाकडाची रेघ, शाईचा ओघळ, छंदाची सक्ती, एखादा अडणारा शब्द. हाताला अडवणारे काही नसेल, तर 'मुक्त' सोडलेला हात ठरलेल्या वळणावरच जातो. म्हणून तर आमच्या प्रदर्शनांतल्या अबोध मनांत तेच ते डोळे, तेच जिने, तेच वितळते घड्याळ. इतक्या निरनिराळ्या मुलांची अबोध मने सुट्टीत एकाच दालीकडे शिकवणीला जातात की काय?

खरा शोध कसा असतो ह्याचा एक प्रामाणिक दस्तऐवज उपलब्ध आहे. मॅरियन मिल्नर ह्या इंग्रज मनोविश्लेषिकेने चित्रकला शिकण्याच्या स्वतःच्या खटपटीवर लिहिलेले पुस्तक १९५० साली जोआना फील्ड ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. चित्र काढता न येण्याविषयीचे ते पुस्तक आहे, आणि नावही तेच सांगते. बाई शांत निसर्गदृश्य रेखाटायला बसतात आणि कागदावर पेटलेले माळरान उमटते. त्यांना ते आवडत नाही. आपण सौम्य, समंजस आहोत ही स्वतःविषयीची समजूत कागद खोटी पाडतो आहे, हे पचवायला त्यांना कितीतरी रेखाटने आणि बराच काळ लागतो. आमच्या मते कसोटी इथे आहे. चित्राने चित्रकाराला न आवडणारे काही सांगितले का? 'माझ्या अबोध मनाने मला संवेदनशील, एकाकी आणि जगाने न समजलेला असे दाखवले' असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला एकच उत्तर संभवते : बाळ, हे तुला आधीपासून ठाऊक होते.

आपल्याकडेही उदाहरणांची वाण नाही. पन्नाशीच्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या प्रभाकर बरव्यांकडे पाहावे. पुढे वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रातली नोकरी, तिथे झालेली तांत्रिक प्रतिमांची ओळख, मग त्या प्रतिमांपासूनही दूर होत पान, घड्याळ, शिंपला अशा साध्या वस्तूंपर्यंतचा प्रवास. बरवे रोजनिशी लिहीत, वहीत रेखाटने आणि टिपणे करीत, प्रतिमा कुठून येते आणि कॅनव्हासवर कशी बसते ह्याचा पाठपुरावा करीत. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० साली आले. त्यांच्या चित्रांतल्या वस्तू स्वप्नातल्यासारख्या विलग तरंगतात, पण त्यांच्यामधली रिकामी जागा किती काटेकोरपणे मोजलेली आहे! हे अंतर कोणाच्या अबोध मनातून सांडलेले नाही. वह्यांवर वह्या भरल्यानंतर ते सापडले आहे.

आणखी एक जे. जे.चा विद्यार्थी आम्हांला इथे आठवतो, जो चित्रकार म्हणून राहिला नाही. चाळिशीच्या दशकात शिक्षण अर्धवट सोडून कम्युनिस्ट चळवळीत गेलेले शरद पाटील. 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) ह्या ग्रंथात त्यांनी जाणीव-नेणिवेचा विचार मांडला, तो व्हिएन्नाच्या कोचावरून थेट न उचलता दिङ्नागादी बौद्ध तार्किकांशी जोडला, आणि जातिव्यवस्था माणसाच्या नेणिवेतही नांदते हा मुद्दा पुढे आणला. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी आम्ही सहमत आहोत असे नाही. दिङ्नागाच्या त्यांच्या अर्थनिर्णयाविषयी जाणकारांनी वाद घालावा. पण प्रश्न बिनतोड आहे. नेणीव ही जर आपल्या संस्कारांची कोठी असेल, तर आमच्या कलाविद्यार्थ्यांच्या नेणिवेत घरातला वेगळा ठेवलेला कप का नसतो? आईने न बोलता गिळलेले का नसते, गावकुसाबाहेरची वाट का नसते? पॅरिसचा जिना असतो आणि स्वतःच्या वाड्याचा नसतो, तेव्हा शोध झाला नाही, टाळाटाळ झाली असे म्हणण्याचा अधिकार शिक्षकाला हवा. 'हे माझे खाजगी आहे' ह्या सबबीखाली जे सर्वांत कमी खाजगी आहे तेच झाकले जाते.

साहित्याच्या वर्गांनी चित्रकलेच्या वर्गांना हसू नये. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२) ही कादंबरी शिकवताना 'संज्ञाप्रवाह' हा शब्द फळ्यावर लिहून दिला की आम्हां मंडळींचेही काम संपते. प्रवाह म्हटला की तो आपोआप वाहिला असणार, असे विद्यार्थी धरून चालतो. त्या तुटक वाक्यांची जुळणी ज्याने केली, तोच पुढे संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे नियम शोधत बसला होता, हे सांगायला तास उरत नाही. मग तोच विद्यार्थी स्वतःची कविता आणतो, एक ओळ बदलून पाहा म्हटले तर 'ती तशीच आली' म्हणतो, आणि आम्ही गप्प बसतो.

कोणी म्हणेल, अशी उलटतपासणी केली तर नवी मुले बुजतील, मोकळेपणा मरेल. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये भावी कलाशिक्षकांना शिकवणाऱ्या आन्टन एरेन्झ्वाइगने, त्याच्या मृत्यूनंतर १९६७ साली आलेल्या पुस्तकात, निर्मितीच्या मधल्या टप्प्यावरचा गोंधळ सहन करण्याची ताकद कलावंताला लागते असे प्रतिपादन केले आहे. ते अगदी मान्य. त्या टप्प्यावर शिक्षकाने तोंड उघडू नये. परंतु गोंधळ सहन करून पलीकडे जायचे असते, त्याच्यावर चौकट चढवून भिंतीला टांगायचे नसते. आणि एकदा टांगल्यावर ते पाहणाऱ्याचेही झाले.

तेव्हा कलाशिक्षकांकडे आमची मागणी साधी आहे. तो निवेदनाचा कागद मूल्यमापनातून काढून टाका. त्याऐवजी वर्षभराच्या वह्या मागवा, खोडलेल्या, फाडलेल्या, पुन्हा चिकटवलेल्या पानांसकट, आणि त्यांतले कोणते पान प्रदर्शनात लावायला लाज वाटली, एवढेच विद्यार्थ्याला विचारा.