गिअरचा आकडा दिसतो, पण सांगतो किती?

लाखांदूर (प्रतिनिधी) - साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. धानकापणीच्या तोंडावर झालेल्या या कपातीने अनेक शेतकरी कुटुंबांत नव्या मोटारसायकलचा विषय निघणे स्वाभाविक होते. लाखांदूरला रेल्वे नाही. जवळचे स्थानक वडसा. बाजार, दवाखाना वा महाविद्यालयासाठी साकोली, पवनी किंवा वडसा गाठायचे म्हणजे एस.टी., नाहीतर दुचाकी. आता बाजारात असलेल्या अनेक गाड्यांच्या डिजिटल पॅनेलवर वेगाच्या शेजारी एक लहान आकडा झळकतो. गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे, हे दर्शविणारा. विक्रीच्या वेळी तो आवर्जून दाखविला जातो. मात्र हा आकडा नेमका कशावरून येतो, याची माहिती ग्राहकाला क्वचितच मिळते.

सुझुकीच्या जीएस१५०आर या मोटारसायकलवर असा दर्शक फार पूर्वी होता. सर्वसाधारण प्रवासी गाड्यांत तो खऱ्या अर्थाने आला तो भारत स्टेज-६ मानकांच्या सुमारास. १ एप्रिल २०२० पासून ही मानके लागू झाली, कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला आणि इंजिनाचा कारभार संगणकीय नियंत्रकाकडे गेला. नियंत्रक आला की पॅनेलवर माहिती दाखविणे सोपे होते. होंडाच्या एसपी १२५ सारख्या गाड्यांवर गिअरचा आकडा दिसू लागला, तो याच काळात.

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये एक दंडगोल असतो. पायाने लिव्हर दाबली की हा ड्रम ठराविक अंशांत फिरतो. त्यावरील खाचांतून सरकणारे फोर्क गिअरची चाके एकमेकांत अडकवितात. ड्रमच्या टोकाला विजेचे संपर्कबिंदू बसविले की तो कोणत्या घरात आहे ते कळते. पूर्वीपासून असलेला न्यूट्रलचा हिरवा दिवा याच तत्त्वावर पेटतो. फरक इतकाच, की त्याला एकच बिंदू पुरतो. काही गाड्यांत प्रत्येक गिअरसाठी वेगळा बिंदू असतो, तर काहींत ड्रमच्या स्थितीनुसार बदलणारा विद्युतदाब नियंत्रकाला कळविला जातो. दुसरी पद्धत निव्वळ गणिताची आहे. इंजिनाचे फेरे आणि चाकाचा वेग यांचे गुणोत्तर प्रत्येक गिअरला ठरलेले असते. त्यावरून नियंत्रक अंदाज बांधतो.

मर्यादा येथूनच सुरू होतात. पहिल्या पद्धतीत कळते ते ड्रमचे घर. चाके पूर्ण अडकली की नाही, ते नव्हे. गिअर अर्धवट पडला तर आकडा दिसूनही गाडी ओढत नाही. शिवाय अनेक गाड्यांत हा स्विच पुढच्या स्प्रॉकेटच्या आसपासच असतो. पांदण रस्त्याचा चिखल, चेनचे वंगण आणि बांधीतून उडालेले पाणी नेमके तिथेच साचते. तार कुजली वा बिंदू झिजला की आकडा गायब होतो किंवा भलताच दिसतो. गणिती पद्धतीत स्विच नाही, पण क्लच दाबला की गुणोत्तर तुटते. गाडी उभी असताना तर मोजायला काहीच नसते. गंमत म्हणजे, गिअर विसरण्याचे प्रसंग बहुधा तेव्हाच येतात. धानाचे कट्टे वाहण्यासाठी ओढ वाढावी म्हणून कुणी वेगळ्या दातांचे स्प्रॉकेट बसविले, की चाकाच्या वेगावर आधारलेला हिशेबही चुकू शकतो. बाजारात मिळणारे सुटे दर्शक बसविल्यावर त्यांना प्रत्येक गिअर एकदा ‘शिकवावा’ लागतो तो यामुळेच.

आणखी एक गल्लत होते. कोणता गिअर पडला आहे हे दाखविणे वेगळे आणि कोणता टाकावा हे सुचविणे वेगळे. बजाजने २०१९ मध्ये आणलेल्या प्लॅटिना ११० एच-गिअरमध्ये गिअर बदलण्याची सूचना देणारी सोय होती. युरोपीय संघात मॅन्युअल गिअरच्या नव्या मोटारींना अशी सूचना २०१४ पासून बंधनकारक आहे, तीही इंधनबचतीसाठी. नुसता आकडा पेट्रोल वाचवीत नाही. मागे ओझे, समोर चढ आणि पॅनेलवर चार, तर चार हा आकडा बरोबर असूनही गिअर चुकीचाच असतो.

तथापि लाखांदूरसारख्या भागात या दर्शकाचा एक उपयोग शहरापेक्षा अधिक आहे. येथे एकाच घरात वडिलांची जुनी स्प्लेंडर आणि मुलाची पल्सर असणे नवलाचे नाही, आणि गरजेनुसार दोन्ही गाड्या दोघेही चालवितात. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून चढतात. पल्सरचा पहिला दाबून आणि पुढचे सर्व उचलून. स्प्लेंडरची सवय असलेला माणूस पल्सरवर चौथ्यातून पाचव्यात जायला लिव्हर दाबतो, तेव्हा गाडी तिसऱ्यात येते. क्लच झटकन सुटला तर इंजिनाचा झटका मागच्या चाकाला बसतो. ओल्या रस्त्यावर चाक घसरू शकते. उलट पल्सरवाला स्प्लेंडरवर वेग वाढविण्यासाठी लिव्हर उचलतो आणि खालच्या गिअरमध्ये येतो. आकडा ही चूक थांबवीत नाही, घडल्यावर दाखवितो. गाडी सुरू करताना, थांब्यावर आणि अनोळखी गाडी हाती घेताना मात्र तो कामाचा ठरतो. नेमकी जुनी स्प्लेंडर त्याविनाच असते, ही अडचण उरतेच.

परवाना देताना गिअर असलेल्या मोटारसायकलींचा वर्ग एकच धरला जातो. ज्या गाडीवर चाचणी दिली तिचा क्रम कोणता होता, याची नोंद परवान्यावर नसते. गिअरचा क्रम सर्व कंपन्यांनी एकच ठेवावा, असे बंधनही नाही. पॅनेलवरचा आकडा वाढविणे कंपन्यांना स्वस्त पडते. लिव्हरची दिशा एकसारखी करायची तर लाखो ग्राहकांची सवय मोडावी लागेल, म्हणून त्या वाटेला कुणी जात नाही. तोवर जुन्या गाडीवर हात बसलेल्याने नवी गाडी पहिल्यांदा रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात चालवून पाहावी. पॅनेलवर आकडा नसेल तर गिअर मोजण्यासाठी पायच वापरावा लागतो.