सोयरिकीआधी सिकलसेलची तपासणी करा

विदर्भातील आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सांधेदुखीचे झटके, अशक्तपणा, पिवळे डोळे. अमरावती-अकोल्यातील कित्येक घरांनी हे सोसले आहे.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने ‘कॅसजेवी’ या नव्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, क्रिस्पर तंत्राने त्यांच्या जनुकांत बदल करून त्या परत शरीरात सोडतात. मग गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. विज्ञानाची ही मोठी झेप आहे. पण २०२३ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १८ कोटी रुपये होती!

मग आपण नुसती वाट पाहायची का? हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतले, तर वेदनांचे झटके कमी होतात. आणि रक्ततपासणी तर आजच शक्य आहे. वाहकाला सहसा त्रास नसतो, म्हणून त्याला कळतही नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के असते. जोडीदार पूर्ण निरोगी असेल, तर मूल फार तर वाहक होते. म्हणजे वाहकाचे लग्न अडत नाही.

आपण पत्रिका पाहणे सोडले. आता रक्ताचा अहवाल पाहायला शिकू. प्रत्येक वधू-वर परिचय मेळाव्यात तपासणी ठेवा, अहवाल मात्र ज्याचा त्याच्याच हाती द्या. सिकलसेल ही कुळाची खोट नव्हे. तो लपवण्याचे दुःख मात्र उद्या लेकरू भोगते.