वकिलीच्या आधीची तीन वर्षे

बारावीचा निकाल लागला की बारामती-इंदापूरकडच्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'वकीलच व्हायचंय ना, मग बी.ए. करून टाक.' या 'करून टाक'मध्ये सगळे आले. पदवीची तीन वर्षे म्हणजे जणू एस.टी. स्टँडावरचे बाकडे, गाडी लागेपर्यंत टेकायचे, एवढेच. नव्या शैक्षणिक धोरणाने कॉलेजच्या अर्जात 'मेजर' आणि 'मायनर' असे रकाने आणले आणि या टेकण्यातही गोंधळ सुरू झाला. कायद्याला 'चालणारा' मेजर कोणता?

नियमापुरते उत्तर सोपे आहे : कोणताही. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना थोडी सवलत आहे. प्रवेश परीक्षेत कायद्याची तोंडओळख, सामान्यज्ञान, तर्क आणि इंग्रजी यांवर प्रश्न असतात. पदवीला तुमचा विषय कोणता होता, हे तिथे कोणी विचारत नाही. टिळकांनी गणित घेऊन बी.ए. केले आणि १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. बाबासाहेबांचा पाया अर्थशास्त्राचा. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर संस्कृतचे एम.ए.; 'दत्तकमीमांसे'चे संपादन करणारा हा माणूस १९६४ मध्ये देशाचा सरन्यायाधीश झाला. यांच्यापैकी कोणीही पहिली पदवी बाकड्यासारखी वापरली नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

पण आपल्या मुलाला उद्या जिथे उभे राहायचे आहे, त्या कोर्टात एकदा डोकावून पाहा. तिथे भांडण असते ते जमिनीचे, पाण्याचे आणि पैशाचे. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला. उजनीच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची शिवारे गेली. अलीकडे तुकोबांच्या पालखीमार्गाच्या रुंदीकरणासाठी जमिनी गेल्या. भूसंपादनाच्या मोबदल्यात नुसत्या एकरांचा हिशेब नसतो. डाळिंबाची बाग किती वर्षांची, झाड अजून किती बहार देणार, विहिरीला पाणी किती, पोटखराबा खरोखर खराबा होता की कागदावरच, असे प्रश्न निघतात. कृषी शाखेची पदवी घेतलेला वकील मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञाची उलटतपासणी ज्या सहजतेने घेईल, ती कलमे पाठ करून येत नाही. भूगोल मनापासून शिकलेल्याला मोजणीचा नकाशा बोलका वाटेल.

वाणिज्य शाखेकडे तर वकिलीच्या संदर्भात आपण उगाच दुर्लक्ष करतो. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांच्या या मुलखात न वटलेल्या धनादेशाचा खटला (कलम १३८) किंवा सहकार कायद्याच्या कलम १०१ खालची वसुली हे रोजचे काम. ज्याला कर्जखात्याचा उतारा वाचता येतो, व्याजावर व्याज कुठे चढवले ते दिसते, त्याचा अशील अर्धी लढाई तिथेच जिंकतो. राज्यशास्त्र, इतिहास वाईट असे मुळीच नाही. पण ते 'सोपे' म्हणून घेऊ नयेत. सोपे म्हणून घेतलेला विषय गाइडावर सुटतो, आणि गाइडावर तीन वर्षे काढलेल्या मुलाला चाळीस पानी निकालपत्र वाचवत नाही. तालुक्याच्या कोर्टात दावा मराठीत लिहायचा आणि दाखले उच्च न्यायालयाच्या इंग्रजी निकालांचे द्यायचे, ही कसरत त्याला जन्मभर करायची आहे. म्हणून मेजर कोणताही असो, दोन्ही भाषांत रोज पानभर तरी लिहायला लावणारा हवा, किंवा ती सवय मुलाने स्वतः लावून घ्यावी.

बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम हा दुसरा रस्ता. त्यात एक वर्ष वाचते. पण मेजर निवडायचा प्रश्नच उरत नाही आणि मध्येच सोडला तर हाती बी.ए.सुद्धा पडत नाही. सतराव्या वर्षी वकिलीची हौस बहुधा मालिकांतली असते, म्हणून मुलगे असोत वा मुली, आधी एखादा विषय नीट शिकावा असेच माझे मत. फक्त एका बाबतीत ते मी आखडते घेतो. आपल्याकडे मुलगी पदवीधर झाली की स्थळे सुरू होतात. 'एलएल.बी. लग्नानंतर कर, सासरचे शिकवतील,' असे सांगितले जाते, आणि पुढचे आपल्याला ठाऊक आहे. ज्या घरात हा धोका दिसतो, तिथल्या मुलीने सलग पाच वर्षांचाच अर्ज भरावा. मधला थांबाच नको. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतका वाटा दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतच असतात. त्या सहीआधी बहिणीला कागद वाचून दाखवणारी वकील गावातलीच मुलगी असेल, तर बरेच काही बदलेल.

शिक्षणासाठी पुणेच गाठायला हवे असे नाही. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठानचे विधी महाविद्यालय आहे, इंदापुरातही महाविद्यालय आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधीच तपासावी : दहावी-बारावी न करता थेट मिळवलेली पदवी बार कौन्सिलच्या नियमांनुसार एलएल.बी.ला चालत नाही. हे कळायला प्रवेशाचा दिवस उजाडू देऊ नये. दाखले आजच काढून पाहावेत.